रशीदभाईंनी नाकारलेला भरडा

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तबेल्याच्या दारात पेंढ्याच्या ट्रकवाल्याशी भावावरून भांडत होतो. फोन ठेवला आणि त्याने सांगितलेला भाव मुकाट्याने कबूल केला. ट्रकवालाच घाबरला. "शेठ, तब्येत बरी हाय ना?"

पडघ्याला रशीदभाईंचं पशुखाद्याचं दुकान. पेंड, डाळीची चुनी, कोंडा ते स्वतः मिसळून देत. जनावराचं वय विचारल्याशिवाय गोणीला हात लावत नसत. मी कशेळीच्या गोदामांत पाठीवर गोण्या वाहून वर आलेला माणूस. म्हशींचा तबेला उभा केला तरी एक फेरा सुटत नव्हता : दुभती म्हैस बाहेरून आणायची, आटली की विकायची. तो मोडायला मी आठ वगारी, म्हणजे अजून न व्यायलेल्या तरण्या म्हशी, घरीच वाढवायला घेतल्या. सगळी भिस्त त्या आठ जणींवर. गोदामांतून फुटक्या पुड्यांची बिस्किटं स्वस्तात मिळत, ती टोपल्याटोपल्यांनी चारली. वगारी अशा चकाकायला लागल्या की येणारा-जाणारा थांबून बघायचा. पण वय झालं तरी एकही माजावर येईना, गाभण राहीना.

वाटलं, खाणं कमी पडतंय. दुकानात जाऊन मक्याचा भरडा मागितला. चार गिऱ्हाइकांसमोर रशीदभाई म्हणाले, "तुला भरडा न्हाय देणार. बिस्किटं चारून चरबी चढवलीस तू त्यांना. वाढत्या जनावराला आधी हाड लागतं, मग मांस. चरबी सगळ्यात शेवटी. तू उलटा चालला हायेस."

"माल द्यायचा का नाही तेवढं बोला," मी ओरडलो.

"न्हाय," ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. रोख घेऊन आलेल्या माणसाला असं परत पाठवायचं? ही गोष्ट मला आजही बोचते. त्यांचं सगळं खरं ठरलं तरी बोचते...

त्या दुकानाची पायरी चढायची नाही, असं मी घरी जाहीर केलं. आठवड्याभरात माझी बायको सुनंदा रिक्षाने पडघ्याला जाऊन आली. रशीदभाईंनी तिला एकेकीचं वय विचारून सांगितलं, बिस्किटं बंद. पेंड नि चुनी वाढव, कोंडा बेताने, रोज मूठभर क्षार, हिरवा चारा पोटभर. मी बाहेर पडलो की ती वगारींची टोपली बदलायची. तीन महिन्यांनी वगारींची चकाकी उतरलेली बघून मी बोंब मारली, तेव्हा तिने सांगून टाकलं. मी तडक दुकानात. "माझ्या तबेल्यात, माझ्याच पाठीमागे?"

"मालकाला चकाकी पाहिजे होती, मालकिणीला पारडं," ते शांतपणे म्हणाले. "वगारींची काय तक्रार हाय का?"

तक्रार नव्हती. उंची वाढली होती, पाठ सरळ आली होती. मग एकेक माजावर यायला लागली, गाभण राहायला लागली. तरी 'तुमचं बरोबर होतं' एवढं मी काही त्यांना म्हटलं नाही.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मात्र गेलो. खाटेशी बसून म्हटलं, "भाई, चूक माझी होती. आठातल्या सात गाभण आहेत."

त्यांनी डोळे उघडले. "आठवीला काय झालं?"

इतक्या वर्षांनी मी कुणापुढे तरी मान खाली घातली, आणि हा माणूस आठवीचं विचारतो! "गाभ नाही धरला. विकून टाकतो," मी फणकारलो.

"वयानं लहान हाय ती. विकू नको. तुला सगळ्याची घाई."

त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. चूक कबूल करायला वेळेवर गेलो होतो, एवढ्या एका गोष्टीने त्या दिवशी मला मयतीत ताठ उभं राहता आलं.

त्याला दोन महिने होत आले. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी आठवी तपासली. "गाभण आहे. तीन महिने झाले." म्हणजे रशीदभाई होते तेव्हाच तिने गाभ धरला होता. मग तसाच पडघ्याला त्यांच्या घरी गेलो. इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर परक्या पुरुषासमोर न येण्याच्या दिवसांत, असल्यामुळे त्यांची बायको, आमच्या भाभी, पडद्याआडून बोलल्या. मी ओटीवरूनच सांगितलं, "भाभी, आठवीपण गाभण आहे."

मग त्यांची पावलं खाटेच्या खोलीकडे गेलेली ऐकू आली, आणि त्या रिकाम्या खोलीत त्या मोठ्याने म्हणाल्या, "आयकलंत का? आठवीपण."