आठ माणसांची मोटार

मी जन्मभर जे काम केलं ते सांगितलं की माणसं आधी हसतात. जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करणाऱ्या एका शेठच्या पेढीवर मी टायपिस्ट होते, इथपर्यंत कुणी हसत नाही. पण चाकांवरच्या घरांची किंमत ठरवायला शेठ मला पाठवायचे म्हटलं, की बाई थट्टा करते आहे की काय, अशा नजरेने समोरचा बघतो. थट्टा नाही. संस्थानं विलीन झाली, गोरे साहेब बोटीत बसले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या चैनीच्या वस्तू मुंबईत विकायला आल्या. त्यात अशाही मोटारी असायच्या. आत पलंग, कपाटं, स्वयंपाकाचा कोनाडा, हात धुवायला चिनी मातीचं भांडं. शिकारीला जाताना राजेलोकांना तंबूत झोपवत नसे, म्हणून त्यांनी त्या मुद्दाम बांधून घेतलेल्या.

हे काम माझ्या गळ्यात पडलं एका गिऱ्हाइकाच्या बायकोमुळे. शेठनी कुणा साहेबाची अशी गाडी विकली होती. इंजिन, टायर, स्प्रिंगचे पाटे, सगळं मिस्त्रीनं तपासलेलं. थोड्याच दिवसांत गाडी परत आली. स्टोव्हपाशी माणूस उभं राहिलं की दार उघडत नव्हतं. त्या बाईला ते पहिल्याच चहाला कळलं आणि पेढीवरच्या तमाम पुरुषांना महिनाभर कळलं नव्हतं. "घर हाय तर बाईमाणसानं बघायला पायजे ने," शेठ म्हणाले. पेढीवर बाईमाणूस मी एकटीच. तेव्हापासून मिस्त्री गाडी खालून बघायचा आणि मी आतून.

आतून बघायचं म्हणजे आधी दार लावून वास घ्यायचा. भिजून वाळलेल्या प्लायवूडला एक आंबूस वास असतो, तो कुठल्याही अत्तराखाली लपत नाही. तो आला की छत गळतं समजायचं आणि किंमत खुशाल निम्म्यावर आणायची. मग गाद्यांच्या कडा दाबायच्या, कारण माणूस झोपतो मध्ये पण बसतो कडेला, आणि गादी तिथेच आधी खचते. खण ओढून बघायचे. शेवटी स्टोव्हच्या वरचं छत. काळं असेल तर गाडी खरोखर वापरलेली, पांढरं असेल तर नुसती मिरवलेली. मिरवलेलीला भाव जास्त येतो, हे मला कधीच पटलं नाही, पण भाव मी ठरवत नव्हते, नुसता ओळखत होते.

मी तेव्हा गिरगावात भावाच्या बिऱ्हाडात राहत होते. दोन खोल्या. दादा, वहिनी, त्यांची चार मुलं, वहिनींची आई आणि मी. यातलं कुणी वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण नणंद लिहायला बसली की लोक भावजयीचा छळ वाचायच्या तयारीने सरसावून बसतात. छळबिळ काही नव्हता. मला जागा नव्हती, एवढंच. माझी वळकटी ट्रंकांवर असायची. सगळ्यांची जेवणं झाली, खरकटं निघालं, मोरी धुऊन झाली की स्वयंपाकघराच्या ओल्या फरशीवर फडकं मारून अंथरूण घालायचं, आणि पहाटे नळ यायच्या आत ते गुंडाळायचं. लग्नाचं वय निघून गेलं होतं आणि त्याबद्दल बोलणंही आता लोकांनी सोडलं होतं. इतक्या माणसांत राहून कामाखेरीज माझ्याशी कुणी बोललं नाही, असे दिवसच्या दिवस जायचे. मला एकच हाव होती. आतून कडी लावता येईल असं एक दार हवं होतं.

त्यात ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. दादा सभांना जायचा, मोर्च्यांना जायचा, घसा बसवून घरी यायचा. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे याबद्दल चाळीत दुमत नव्हतं आणि माझंही नव्हतं. पण मी गुजराती शेठकडे नोकरी करते हे चाळीला ठाऊक होतं. मी गॅलरीतून निघाले की कठड्याशी उभ्या बायका बोलायच्या थांबायच्या. पेढीवर गेले की तिथलंही बोलणं तसंच थांबायचं, मुनीमजी घसा खाकरायचे. मी जाईन तिथे शांतता पसरायची. शेठ तेवढे पहिल्यासारखेच बोलत.

अशा वेळी 'बंगला' आला. हे नाव कामगारांनी ठेवलं. कुठल्याशा संस्थानातून आलेली ती प्रचंड मोटार पेढीच्या परळच्या शेडमध्ये, गिरणीच्या भिंतीला लागून उभी केली होती. मी पायरी चढून आत गेले, दार लावलं आणि वास घेतला. सागवान, पॉलिश, थोडी धूळ. आंबूस काही नाही. स्टोव्हवरचं छत पांढरंशुभ्र. दोन बाजूंना दोन पलंग, मध्ये गालिचा. उजव्या पलंगाची कड बसलेली होती आणि डाव्याची कोरी. एवढा थाट करून कुणीतरी एकट्यानेच प्रवास केला होता. दाराला आतून पितळेची कडी होती, जाडजूड, लोण्यासारखी सरकणारी. ती मी एकदा लावली, काढली आणि पुन्हा लावली.

शेठपुढे पेच होता. तेव्हा परदेशी गाड्या सहजी येत नव्हत्या आणि ट्रक बांधायला मजबूत सांगाडा मिळाला तर घेणारे टपून असायचे. वरचं घर मोडून खालचा सांगाडा विकला तर पैसा लगेच हातात. घर घरासकट विकायचं तर तसा शौकीन भेटेपर्यंत थांबायला हवं.

"बेन, तुम्ही बोला. घर राखण्यासारखं हाय?"

"राखा," मी म्हटलं.

उत्तर खरं होतं. फक्त मी ते जरा घाईनं दिलं. शेठनी दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

बंद घराला वास धरतो. त्यामुळे शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाली की मी परळला जाऊन बंगला उघडायची, झाडून पुसून घ्यायची. पुसून झालं की दार लावायची, कडी घालायची आणि डाव्या, कोऱ्या पलंगावर आडवी व्हायची. बाहेर गिरणीचा आवाज, आत मी. पडल्या पडल्या एक खुळा खेळ खेळायची. आमचं बिऱ्हाड इथे आणलं तर कोण कुठे झोपेल, ते मनात लावून बघायची. कधी मुलांना पलंगावर घ्यायची, कधी खाली. सगळे मावायचे. मग सगळ्यांना पुन्हा गिरगावात पाठवून द्यायची आणि डोळे मिटायची.

एका हरताळाच्या दिवशी मी असंच केलं. पेढी बंद, ट्राम बंद. घरात सगळे दिवसभर असणार, म्हणून मी सकाळी "जाऊन येते" म्हणून निघाले. वहिनी परातीत पीठ मळत होत्या, त्यांनी मान हलवली. गिरगावातून परळपर्यंत चालत गेले. शेडचा रखवालदार मालवणकडचा म्हातारा होता, त्यानं कपाळाला हात लावला, पण फाटकातली दिंडी उघडली. दुपारी बाहेर गलका झाला, धावपळ झाली, आणि अश्रुधूर भिंतीवरून शेडमध्ये उतरला. मी कडी लावून, खिडक्या मिटून पदर नाकाशी धरून बसले. मग आवाज लांब गेले. बसल्या जागी मला झोप लागली. तशी झोप मला त्याआधी लागली नव्हती आणि त्यानंतरही क्वचितच लागली. बाहेर शहर पेटलेलं असताना मी गाढ झोपले होते, हे सांगायची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

दारावर थापा पडल्या तेव्हा जाग आली.

"बाई, भितर आसात मा?" रखवालदार ओरडत होता. "कवासून हाका मारतंय! माका वाटला, धुरान बेशुद्ध पडलात की काय!"

मी कडी काढली. त्याचे डोळे लालभडक झाले होते, पाणी गळत होतं. त्यानं मला नीट बघितलं, "बरा आसा ना?" विचारलं आणि आपल्या चुलीकडे निघून गेला.

परतताना मी गल्ल्यागल्ल्यांतून आले. रस्त्यावर दगड पडले होते, दिव्यांच्या काचा फुटल्या होत्या. वाटेत मी घरच्यांना काय सांगायचं ते जुळवत होते. वहिनी ओरडतील, अहो वन्सं, जिवाला घोर लावलात म्हणून. मुलं बिलगतील. वहिनींच्या आई देवापुढे साखर ठेवतील. खरं सांगायचं तर मी त्या ओरड्याची वाट बघत चालत होते. आपल्यावर कुणी शेवटचं कधी ओरडलं होतं ते आठवत नव्हतं.

दिवेलागण झाली होती. वहिनी गॅलरीत कठड्यावरून वाकून खाली बघत होत्या. मी जिना चढून त्यांच्या बाजूला उभी राहिले.

"हे अजून आले नाहीत हो," त्या म्हणाल्या. डोळे रस्त्यावरच.

"मी परळला अडकले होते," मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं. "तुम्ही बाहेर होतात? मला वाटलं, आत आहात."

आत गेले. मुलांची जेवणं झाली होती. चुलीजवळ एक ताट वाढून, वर ताटली झाकून ठेवलेलं होतं. दादाचं. माझं नव्हतं. त्यात वहिनींचा दोष काढायला जागा नाही. माणूस घरात आहे असं वाटलं तर त्याचं ताट कोण झाकून ठेवील? थोड्या वेळानं दादा आला, कपाळावर टेंगूळ घेऊन. घर त्याच्याभोवती गोळा झालं, वहिनी रडल्या, ओरडल्या. मी त्याची आमटी गरम केली. मग तळाशी राहिलेल्या भातात ताक घालून मी जेवले.

दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक आलं. दादरचे एक डॉक्टर, दवाखाना मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले, आणि त्यांची बायको. शेठनी मला बोलावून घेतलं. डॉक्टर मिस्त्रीबरोबर गाडीखाली वाकले, बाई माझ्याबरोबर आत आल्या. त्यांना बंगला आवडला होता. पडद्याचं कापड त्या बोटांनी चाचपत होत्या. डाव्या पलंगावर बसून त्यांनी मला विचारलं, "यात राहायला कसं वाटेल हो?"

अख्ख्या मुंबईत या प्रश्नाचं उत्तर मला एकटीला माहीत होतं. दार लावा, कडी घाला आणि गप्प पडून राहा, एवढंच सांगायचं होतं. पण घराची स्तुती कशी करायची ते मी चाळीत शिकले होते. आमच्याकडे चांगलं घर म्हणजे लग्नाला गाववाले आले तरी मावतात ते.

"आठ माणसं सहज झोपतील," मी उत्साहानं म्हटलं. "दोन इथे, एक तिथे, तीन गालिच्यावर..." मी हातानं जागा दाखवायला लागले. थांबेचना.

बाईंचा चेहरा पडला. त्या गाडीकडे नव्यानं बघायला लागल्या आणि मी दाखवलेली सगळी माणसं त्यांना दिसायला लागली असावीत. "आमच्याकडे माणसांचा राबता फार हो," त्या हळूच म्हणाल्या. "आम्हाला जरा दोघांनाच कुठेतरी जायचं होतं." खाली उतरल्यावर त्यांनी नवऱ्याला बाजूला घेतलं. विचार करून कळवतो म्हणाले. ते पुन्हा आले नाहीत.

"बेन," शेठ म्हणाले, "तुम्ही तर धर्मशाळा विकली!" ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. दिवाळीनंतर बंगल्याचं घर मोडलं आणि सांगाडा रे रोडच्या एका लाकूडवाल्यानं ट्रकसाठी नेला. त्या शनिवारी सुटी झाल्यावर मला कुठे जावं ते कळेना. पेढीच्या पायरीवर थोडा वेळ उभी राहिले आणि घरी गेले.

आता माटुंग्याला माझी स्वतःची खोली आहे. दादा-वहिनी गेले, मुलं आपापल्या जागी आहेत. दाराला आतून कडी आहे, साखळीही आहे. दूधवाला सकाळी बाटली बाहेर ठेवून जातो, दार वाजवत नाही.

परवा कडी लावताना तो जुना खेळ आठवला. सगळ्यांच्या जागा अजून पाठ आहेत. उजव्या पलंगावर वहिनी आणि धाकटी. डाव्यावर वहिनींची आई. गालिच्यावर तिघं मुलं. दादा पुढे, ड्रायव्हरच्या बाकावर. राहिले मी. खेळ माझा, मोटार माझ्या मनातली, मी स्वतःला कुठेही झोपवू शकले असते. आणि मी दर वेळी दाराशीच अंथरूण घातलं होतं, दादा सभेहून उशिरा आला तर कडी काढायला कुणीतरी हवं म्हणून.