गाडीची चूल

निरोप एसटीच्या कंडक्टरने आणला. जामसंड्याला माझं कापडाचं दुकान आहे आणि तळेऱ्याहून येणारी सकाळची गाडी बरोबर दुकानासमोर थांबते. कंडक्टर उतरून थेट आत आला, तेव्हा मला वाटलं गिऱ्हाईकच आलं. तो म्हणाला, "शेट, तुमचे भावोजी गेले. आक्कांनी ताबडतोब बोलावलंय." मी दुकान तसंच उघडं टाकून परतीच्या त्याच गाडीत बसलो. खिडकीबाहेर तोच रस्ता, तेच चढ... आणि मनात एकच खुळचट विचार, की आपल्याला न्यायला भावोजी स्वतः गाडी घेऊन कसे आले नाहीत. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. माणूस गेल्याचं डोक्याला कळतं, पण बाकीच्या अंगाला कळायला वेळ लागतो.

आत्माराम भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आक्काला मागणी आली तेव्हा ते मुंबईत एका मोटार गॅरेजात होते. आता आमच्याकडे मुंबईचा मुलगा म्हटला की आईबाप नारळ हातात घेऊनच उभे राहतात. पण आक्काने सरळ सांगितलं, मुंबईवाला नको. त्याला कारण होतं. आमचे वडील गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, पाहुण्यासारखे ओटीवर बसायचे आणि आमची ओळख पुरती होईपर्यंत परत निघायचे. लहानपणी मी त्यांना एकदा "तुम्ही कोणाकडचे?" असं विचारलं होतं म्हणे. घरात त्यावर सगळे हसायचे, आक्का कधी हसली नाही. तिची अट भावोजींच्या कानावर गेली आणि त्या माणसाने खरोखरच मुंबई सोडली. एक जुनी, टप फाटलेली, परदेशी बनावटीची मोटार कुठून तरी पैदा करून गावी आले आणि तळेऱ्याच्या तिठ्यापासून देवगडपर्यंत उतारू नेऊ लागले. मग लग्न झालं. थोडक्यात सांगायचं तर आक्काचा संसार त्या खटाऱ्याच्या चार चाकांवर उभा होता. गाडी चालली तर घरधनी घरात, बंद पडली तर बोरीबंदरला.

आणि गाडी चालेना! दोष गाडीचा नव्हता, पेट्रोलचा होता. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पेट्रोलचे डबे बंदरात उतरायचे आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की तेही बंद. घाटावरून यायचं ते कधी यायचं, कधी वाटेतच जिरायचं. चार महिने गाडी माडाच्या झापाखाली आणि भावोजी ओटीवर. आजूबाजूचे लोक सल्ला द्यायला टपलेलेच होते, की आत्मारामा, कशाला हट्ट धरतोस, सगळे जातात तसा जा. भावोजी मला म्हणाले, "अरे, पेट्रोलाची वाट बघीत बसलंय तर जलम सरतलो." लढाईच्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, हे त्यांनी मुंबईत पाहिलं होतं. तसलं एक गंजलेलं धूड त्यांनी सावंतवाडीकडच्या कुणा मोटारवाल्याच्या भंगारातून उचलून आणलं. उंच पिंप, त्यात कोळसे, खाली विस्तव. निघणारा धूर गाळून तो नळीने इंजिनात सोडायचा. गाळणीला आतून काय घालावं यावर त्यांनी आठवडा काढला आणि शेवटी आमच्या सुंभाचा काथ्याच ठासून भरला. मी तेव्हा त्यांची यथेच्छ टर उडवली. मोटारीच्या मागे न्हाणीघराचा बंब बांधलाय, म्हणजे प्रवाशांची आंघोळसुद्धा होईल, असं मी चारचौघांत म्हणालो. भावोजी हसले आणि पाना मागितला.

पहिल्या दिवशी गावकऱ्यांनी देवळापुढे गाडी उभी करून गाऱ्हाणं घातलं. गावच्या म्हाताऱ्या मानकऱ्याने देवाला सांगितलं, की बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या गाडयेची चूल इझू दी नको. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि तेव्हापासून त्या पिंपाचं नाव चूल पडलं ते पडलंच. ही चूल आक्का पेटवायची. पहाटे घरातली चूल पेटवून झाली की ती अंगणात यायची, रॉकेलचा बोळा लावायची आणि विस्तवाला वारा घालणाऱ्या पंख्याचा दांडा फिरवत बसायची. भावोजी नळीच्या तोंडाशी काडी धरून बघायचे. निळी ज्योत आली की गॅस तयार. मी कधी मुक्कामाला असलो की अंथरुणातून त्या पंख्याची घरघर आणि दोघांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकत पडायचो. काय बोलायची कुणास ठाऊक. बहुतेक कोळशाबद्दलच. पण मला फार बरं वाटायचं. आमच्या आईच्या घरात पहाटे असं कुणी कुणाशी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

गॅसवर गाडीचा दम कमी. चढ आला की भावोजी मागे वळून नुसते बघत आणि लोक आपणहून उतरत. सामानसुमान, कोंबड्या, नवरानवरीसुद्धा चढावर पायी. कुणी कुरकुर करत नसे, कारण भर पावसातही गाडी निघायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग एका श्रावणात घात झाला. कोळसा ओला, कोळसा पाडायच्या भट्ट्याही बंद. गाडी दोन दिवस उभी. जवळच काजूची भट्टी होती, तिथे टरफलांचा ढीग पडलेला. काजूचं टरफल कसं भडकतं ते आमच्याकडच्या प्रत्येक बाईला चुलीपुढे कळलेलं असतं. भावोजींनी पोती भरून आणली आणि पिंपात रिचवली. काय गाडी धावली त्या दिवशी! सगळे चढ उतारूंसकट चढली. भावोजी तळेऱ्याला छाती काढून उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हँडल फिरेना. काजूच्या टरफलात काळं तेल असतं, ओठाला लागलं तर फोड उठतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. धुराबरोबर ते तेल इंजिनात गेलं आणि गार झाल्यावर सगळे व्हॉल्व्ह डांबरासारखे चिकटवून बसलं. भावोजी मला म्हणाले, "मिया इंजिनाक कच्ची काजी खावक घातलंय." त्या वेळी ते हसले नाहीत. मलाही टर सुचली नाही.

गणपतीला चाकरमानी आले. भावोजींच्या चुलतभावाने गोदीतल्या नोकरीचं नक्की करून आणलं होतं, परतताना बरोबरच चल म्हणाला. भावोजींनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. मी तिथेच होतो. आक्का मोदकांची भांडी घासत होती. ती हात धुऊन आली, ट्रंकेकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमका जावचा आसात तर जावा. पण गाडी मोडली म्हणान जाव नकात. गाडी आपण बघूया." एवढंच. मग खोबरेल तेल आणि राख घेऊन तिने त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळली, काजू फोडणाऱ्या बायका चोळतात तशी, आणि स्वतःच्याही. झापाखाली दोघं बसली. एकेक भाग सोडवायचा, रॉकेलमध्ये बुडवायचा, खरवडायचा. राख लावूनही हातांची सालपटं निघाली. चाकरमान्यांची गाडी गेली तेव्हा इंजिन अजून अंगणात सुटं पडलेलं होतं. चुलतभाऊ रागावून गेला. नवरात्रात कधीतरी ते पुन्हा धडधडलं, तेव्हा आक्का रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

पुढे एसटी सुरू झाली. भावोजींच्या उतारूंना आता चढावर उतरावं लागेना, त्यामुळे ते उतारू राहिले नाहीत. लोकांना वाटलं, आता तरी हा मुंबईला जाणार. यांनी गाडीतलं इंजिन काढलं, मागच्या पडवीत बसवलं, त्याला पिठाची गिरण जोडली आणि त्याच कोळशावर दळण सुरू केलं. चाकं गेली, माणूस राहिला... शेवटच्या दिवशीही दुपारी दळण दळलं, संध्याकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि आक्काच्या हातचं पाणी पिऊन गेले.

भावोजींच्या आठवणींचा हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी तिच्याकडे गेलो. ती पडवीत बसली होती. बोलताबोलता मी म्हटलं, आक्का, तुझ्याकडे भावोजींची पत्रं असतील. एखादं दे, त्यांच्या शब्दांतल्या दोन ओळी छापू. आमच्याकडे घरोघरी अशा पत्रांचे गठ्ठे आहेत, आमच्या आईची तर पेटी भरलेली आहे, म्हणून सहज विचारलं. आक्काने माझ्याकडे बघितलं.

मग ती म्हणाली, "माका पत्र घालूक ते गेले खंय होते?"