सोमवारी खून, बुधवारी मंगळ

आमचा एपिसोड बावीस मिनिटांचा. तो करायला दोन दिवस जातात, आणि त्या दोन दिवसांत जे खरं घडतं त्यातलं काहीही एपिसोडमध्ये येत नाही. ते सगळं माझ्या डोक्यात साठून राहतं. माझं कामच तसं आहे, कंटिन्यूइटीचं! आधीच्या शॉटमध्ये हिरोच्या डाव्या हातात कप असेल, तर पुढच्या शॉटमध्ये तो डाव्याच हातात आहे ना, हे बघायचं. वही मांडीवर घेऊन दिवसभर नुसतं बघत बसायचं. त्यामुळे बाकीच्यांना जे दिसत नाही, तेही मला दिसतं. मी घोडेगावची, त्यामुळे युनिटमधले आणि गावातले, सगळेच मला ‘ताई’ म्हणतात.

युनिट एकच, पण मालिका तीन. सोमवार-मंगळवार खून, बुधवार-गुरुवार परग्रह, शुक्रवार-शनिवार कॉलेजमधलं प्रेम. रविवारी कपडे धुवायचे. दिग्दर्शक तिन्हीकडे माधवसरच. ते मुंबईचे. आणि जुन्नर-आंबेगावात काहीही हवं असलं तरी एकच माणूस, शिनोलीचे बबनभाऊ. पडकी विहीर हवीय? आहे. जुनी जीप? आहे. बारा माणसांची भजनी मंडळी? दुपारपर्यंत येतील!

*

पहिला किस्सा नानांचा. नाना महाळुंगे पडवळचे शेतकरी, सत्तरीच्या आसपासचे. खुनाच्या एपिसोडमध्ये आम्हाला उसाच्या बांधावर पडलेलं एक प्रेत हवं होतं. बबनभाऊंनी नानांना आणलं. ऊसही नानांचाच.

नाना पडले मात्र छान. श्वास असा धरला की मेकअपवाल्याने दोनदा जाऊन नाकापाशी हात धरून बघितला. कॅमेरा लागला. पण वर ढग आला होता, म्हणून आमचा मोठा दिवा लावायचा होता. त्याची वायर कुठेतरी सैल झालेली.

माधवसर ओरडले, “लाईट आली का?”

तिकडून लाईटवाला ओरडला, “आली, आली!”

प्रेत ताडकन उठलं! आणि धोतर सावरत उसातून जे पळत सुटलं, ते थेट विहिरीवर. आम्ही सगळे मागे. नानांनी मोटारीचं बटण दाबलं, मोटार काही चालू होईना. तेव्हा आमच्याकडे वळून म्हणाले, “कुटं आली लाईट? उगं कशाला मेलेल्या माणसाला उठावता राव!”

*

नानांचंच पुढचं. एपिसोडची जाहिरात आठवडाभर आधीच टीव्हीवर सुरू झाली. त्यात नाना सरळ डोळे मिटून पडलेले आणि कपाळावर रक्त. ओझरला दिलेली त्यांची धाकटी बहीण एपिसोडच्याच दिवशी सकाळी एका दुकानात साखर घ्यायला गेली होती. तिथल्या टीव्हीचा आवाज बंद होता. तिने भाऊ बघितला, पिशवी तिथेच टाकली आणि मिळेल त्या गाडीने निघाली. मागून नवरा, दीर, जावा, सगळे जीप भरून.

महाळुंग्यात शिरतानाच तिने गळा काढला. सगळी आळी बाहेर आली. दार उघडलं ते नानांनी. हातात भाकरीचा तुकडा!

बहीण मटकन खाली बसली. मग उठली आणि तिने सत्तरीच्या भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की तुकडा अंगणात पडला. “आदी सांगायचं नाय व्हय? माझा जीव गेला आसता की रं!” म्हणाली आणि त्याच्याच गळ्यात पडून रडली. नानाही रडले. नंतर आम्हाला हे सांगताना म्हणाले, “ताई, आमी दोगं शेवटाला कदी असं भेटलो व्हतो, मला आठवंना.”

मंडळी जेवायलाच राहिली. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एपिसोड बघितला. बहिणीने पुन्हा एकदा डोळे पुसले आणि म्हणाली, “पर काय बी म्हण दादा, मेल्यावर लई चांगला दिसतुयास!”

*

बुधवारचा मंगळ ग्रह शोधून आणला तो बबनभाऊंनीच. माधवसरांनी त्यांना समजावून सांगितलं होतं, “झाड नको, झुडूप नको, घर नको. नुसती लाल माती आणि दगड.” बबनभाऊ म्हणाले, “दोन दिस द्या सायेब.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला आणे गावच्या पठारावर नेलं. खरोखर, नजर जाईल तिथवर काही नाही! बबनभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाले, “ह्यो घ्या तुमचा मंगळ. फकस्त कडंला एक हातपंप हाय, तेवढा झाकून घ्या.”

शूटिंगच्या दिवशी ऊन असं की विचारू नका. परग्रहवासी झालेला आमचा नट समीर चंदेरी रंगाच्या रबरी पोशाखात नखशिखांत बंद. डोक्यावर दोन शिंगांसारख्या तारा, डोळ्यांना हिरव्या काचा. ब्रेक झाला तसा बिचारा हातपंपाकडे धावला. तिथे एक आजीबाई हंडा लावून उभ्या होत्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. जराही दचकल्या नाहीत.

“कुटलं म्हनायचं पावणं?”

समीरला गंमत सुचली. म्हणाला, “मंगळावरचा.”

“मंचरचं?”

“मंचर नाही आजी, मंगळ. लांब आहे. खूप लांब.”

“आसंल, आसंल. मग तिकडं पाऊसपाणी कसं काय?”

“पाणीच नाही तिकडे.”

आजींचा चेहरा उतरला. त्यांनी आपला अर्धा भरलेला हंडा बाजूला घेतला आणि पंपाचा दांडा स्वतः धरला. “बाई बाई! मग तू पी बाबा आदी. आमचं काय, आमाला हाय हितं सवय!”

समीर पाणी प्यायला. मग त्याने त्याच पोशाखात, शिंगांसकट, तो हंडा आजींच्या घरापर्यंत पोचवला. ब्रेक वीस मिनिटांनी लांबला.

*

कॉलेजच्या मालिकेतला आमचा हिरो रोहन. मालिकेत वय सोळा, खरं वय सत्तावीस. केस मानेवर रुळणारे. त्या केसांवर पोरी फिदा, म्हणून प्रत्येक एपिसोडमध्ये एकदा तरी त्यांच्यावर पंख्याचा वारा सोडायचा असा वरून आदेश!

जुन्नर भागातल्या एका कॉलेजात शूटिंग होतं. कॉलेज चालूच होतं, आम्हाला मागची इमारत दिली होती. अर्धा एपिसोड संपला, आणि रोहन गणवेशातच पुढच्या फाटकापाशी वडापाव खायला गेला. तिथे उभे होते पी.टी.चे सर. हे सर आदल्या दिवशी रजेवर होते, शूटिंगचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“ओळखपत्र कुठाय?”

“सर, मी ॲक्टर आहे.”

“इथं सगळेच ॲक्टर हायत! चल.”

कॉलेजसमोरच न्हाव्याचं दुकान. वीस मिनिटांनी रोहन परत आला, तर मी त्याला ओळखलंच नाही. कानाच्या वर दोन बोटं साफ! माझी वही हातातून गळाली. सकाळी तो हिरॉईनला “थांब, मी आलो” म्हणून जिना चढायला लागला होता तेव्हा मानेवर केस, आणि आता जिन्याच्या वर पोचायचं तर हा असा. कंटिन्यूइटीच्या धंद्यात याहून मोठा अपघात नाही.

मी रोहनवर चिडले, “अरे, तू सत्तावीस वर्षांचा घोडा, उठून यायचंस ना!”

तो मान खाली घालून म्हणाला, “ताई, त्यांनी कान धरला होता गं. कान धरल्यावर मला काही सुचेचना.”

पी.टी.च्या सरांना कळलं तेव्हा ते धावत आले. खूप ओशाळले, माफी मागितली. जाता जाता रोहनच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, “पण आता दिसतोस बघ विद्यार्थी!”

माधवसरांनी जिन्याच्या मध्यावर एक नवा सीन घातला. हिरोला वडिलांचा फोन येतो, आणि तो रागाने स्वतःचे केस कापतो. प्रेक्षकांना तोच सीन सगळ्यात आवडला.

*

इन्स्पेक्टरचं काम करणारे आमचे विलासदादा प्रत्यक्षात फार भित्रे. कुत्रं दिसलं तरी रस्ता बदलतात. एकदा शिनोलीत वर्दी घालून चहा पीत बसले होते, तर रखमाबाई नावाच्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. शेजाऱ्याने बांध कोरून, हद्दीचा दगड सरकवून त्यांची दोन हात जमीन आत घेतली होती. “लिवून घ्या सायेब.”

दादा घाबरले. “अहो मावशी, मी खरा पोलीस नाही. टीव्हीतला आहे.”

“ठावं हाय मला,” रखमाबाई म्हणाल्या. “खऱ्याकडं दोनदा जाऊन आले मी. तुमी नुसतं बांधावर येऊन हुबं ऱ्हावा. बोलू नगा कायबी.”

दादा नाही नाही म्हणत असतानाच त्या त्यांना घेऊन गेल्या. बांध रस्त्याला लागूनच. दादा खरंच काही बोलले नाहीत. पलीकडे शेजारी कुदळ घेऊन उभा. त्याने दादांकडे बघितलं, दादांनी त्याच्याकडे. दादा सांगतात, “मी फक्त पडू नये म्हणून कमरेचा पट्टा घट्ट धरून ठेवला.”

दुसऱ्या दिवशी दगड जुन्या जागेवर! रखमाबाई युनिटला काकड्यांची पाटी घेऊन आल्या. आपण कुणाला तरी फसवलं म्हणून रात्रभर झोप लागली नाही, असं दादांनी सांगितलं, तर म्हणाल्या, “तुमी कुटं फसावलं? तुमी तर हुबं व्हता. भ्याला त्यो त्याच्या मनानं!”

*

आणि आता सोनाबाईंची गोष्ट.

सोनाबाई भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातल्या, भातशेती करणाऱ्या. खुनाच्या मालिकेत तीन एपिसोडची एक कथा होती. जमीनदार आपल्या भावजयीला ओढ्यात ढकलतो, खटला चालतो, आणि खुनी कोण हे तिसऱ्या एपिसोडच्या शेवटी कळतं. सोमवारी ओढ्याचा शॉट घेतला, मंगळवारी कोर्टाचा. पहिल्या एपिसोडमध्ये सोनाबाईंना एकच वाक्य होतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आणि भीतीपोटी खोटं बोलायचं, “मी त्यांना वळखत न्हाई.” बस्स. त्यांनी ते चार वेळा म्हणून दाखवलं. माधवसर खूश!

एका गावच्या सभागृहात कोर्ट उभं केलं होतं. न्यायाधीश म्हणून घोडेगावचे एक निवृत्त गुरुजी बसवले होते. त्यांना वाक्यच नव्हतं, नुसतं गंभीर दिसायचं होतं. सूर्य कलत होता, खिडकीतलं ऊन जाण्याआधी शॉट घ्यायचा होता. एकाच टेकमध्ये.

“ॲक्शन!”

सोनाबाईंनी हात वर करून शपथ घेतली. वकिलाने आरोपीकडे बोट दाखवलं. “नीट बघा बाई, आणि खरं सांगा. या माणसाला ओळखता?”

सोनाबाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मी वहीतलं वाक्य ओठांनी त्यांना सांगत होते, “वळखत न्हाई, वळखत न्हाई.”

“वळखते,” सोनाबाई म्हणाल्या. “ह्यानंच ढकललं तिला. दोनी हातांनी ढकललं.”

माधवसरांच्या तोंडून ‘कट’ निघेना. आरोपी झालेला नट, बारा वर्षं खलनायक करणारा माणूस, पांढराफटक पडला आणि हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात वर बसलेले गुरुजी उठले. टेबलावर हातोडा आपटला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “जन्मठेप!”

ऊन गेलं. शॉट संपला होता. आणि खटलाही!

पुण्याहून लेखकाचा फोन. “अहो, असं कसं? अजून दोन एपिसोड बाकी आहेत माझे!” बबनभाऊ गुरुजींना पाणी देत होते. कुणाला हसू येईना, कुणाला रडू येईना.

माधवसर सोनाबाईंपाशी गेले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी खाली बसूनच विचारलं, “बाई, चार वेळा बरोबर म्हणालात. मग आताच असं का केलंत?”

सोनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. सगळ्या युनिटवरून एकदा नजर फिरवली, कॅमेऱ्यामागच्यांवरून, माझ्यावरून, माधवसरांवरून.

“काल वढ्याकाठी त्यानं तिला ढकललं, तवा मी गर्दीत हुबी व्हते,” त्या म्हणाल्या. “तुमी समदी बी तितंच व्हता की. आन् आज कोर्टात कुनीच कसं बोलंना?”