मामांच्या नोझलचा कागद

नोझलच्या दुकानात दोन गोष्टी साठतात, डिझेलचा वास आणि किस्से. वास साबणाने निम्मा तरी जातो!

शिरूरला आप्पांच्या दुकानात आम्ही दोघंच कामाला. मी, आणि रोज दौंडहून एसटीने येणारे मामा. ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिनात डिझेल फवारणारं नोझल दुरुस्त झालं की ते टेस्टरला लावायचं, समोर कागद ठेवायचा आणि दांडा दाबायचा. फवाऱ्याचा नेटका गोल डाग उठला की काम पास. कागदावर दुरुस्त करणाऱ्याचं नाव लिहून तो भिंतीला टाचायचा, ही आप्पांची पद्धत. भिंतीवर निम्म्याहून जास्त नावं मामांचीच होती.

*

एक ट्रकवाला म्हणाला, "मामा, ॲव्हरेज वाढंल असं कायतरी करा की."

मामा नोझल पुसत म्हणाले, "नोझल मी नीट करतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय तुझा हाय!"

*

मी नवा होतो तेव्हा फवाऱ्यासमोर सहज तळहात धरायला गेलो. मामांनी मनगट पकडून मला मागे ओढलं. धुक्यासारखा दिसणारा तो फवारा कातडी फोडून आत शिरतो. मामांच्या डाव्या हाताला अडीच बोटं कमी आहेत.

"ह्या धंद्याची फी मी भरलीया. एका दुकानानं ती दोनदा घ्यायची न्हाई," म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांना मानतो.

*

कोरोनात आप्पांचं नाक गेलं ते गेलंच. एकदा रॉकेलचा हात लागलेला चहा त्यांनी आवडीने संपवला.

"कसा झालाय?" मामांनी विचारलं.

"आज आलं जरा जास्त पडलंय!"

*

एका संध्याकाळी मामा गेल्यावर इंजिनिअरिंग कॉलेजचे एक सर आले. "प्रयोगाचं डिझेल आहे, तीन दिवसांनी तुमच्या टेस्टरवर बघू," म्हणून डबा देऊन गेले. मी तो टेस्टरखाली आमच्या डिझेलच्या डब्याजवळ ठेवला. त्यावर चिठ्ठी लावली नाही, कुणाला सांगितलंही नाही. सकाळी मी पार्ट आणायला नगरला गेलो.

आप्पांनी रोजचं समजून त्याच डब्यातलं डिझेल टेस्टरमध्ये ओतलं आणि मामांनी आदल्या दिवशी केलेलं नोझल लावलं. कागदावर रुंद, पसरट डाग उठला. तेवढ्यात मामा आले. आप्पांनी त्यांचं नाव घालून कागद भिंतीला टाचला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मामा, तुमचा हात गेला आता."

"तीस वर्सं हा हात बघताय आप्पा," एवढंच मामा बोलले. पिशवी उचलून ते एसटी स्टँडकडे गेले. हे सगळं मला दुपारी कळलं.

*

तिसऱ्या दिवशी सर आले. डबा निम्मा रिकामा! भिंतीवरचा पसरट डाग बघून ते म्हणाले,

"अहो, यात उसाचं स्पिरिट मिसळलंय! वास नाही आला? डिझेल पातळ होतं, थेंब बारीक होतात, फवारा रुंद पसरतो आणि लांब जात नाही. तेच तर मला मोजायचंय."

आप्पांनी टेस्टर रिकामा केला, साधं डिझेल भरलं आणि मामांचं तेच नोझल लावलं. नेटका गोल डाग उठला. डबा मी ठेवला होता, हे मी तेव्हाही बोललो नाही. आजही त्याची लाज वाटते.

*

आप्पा मला घेऊन दौंडला गेले. मामा मुलाच्या रेल्वे क्वार्टरबाहेर बसले होते. आप्पांनी हात जोडले, "माझं चुकलं मामा." मामांनी त्यांचे हात खाली केले. आम्हाला चहा पाजला आणि म्हणाले, "उद्या येतो."

सकाळी मामा दुकानात शिरले तेव्हा आप्पा तो पसरट डागाचा कागद फाडायला निघाले होते.

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "नोझल माझं हाय, माझं नाव बी ऱ्हाऊ द्या. पर ह्यो डाग ज्येच्यामुळं पडला, त्येचं नाव खाली घाला."

आप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि मामांच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. पेन खिशाला लावायला लागले, तेव्हा मी पेनसाठी हात पुढे केला.