दोन्ही ब्रेक

लष्कराच्या लिलावातून आलेला ट्रेलर कितीही खरवडा, त्याचा हिरवा रंग पुरता जात नाही. वरून आम्ही पिवळा मारतो, कुणाला लाल हवा असतो, पण दोन पावसाळ्यांत कोपऱ्यातून हिरवा डोकं काढतोच. लोक हे दोन चाकांचे ट्रेलर आमच्याकडून कशाकशाला नेतात. कुणी जनरेटर बसवून घेतं, कुणी नर्सरीची झाडं वाहतं, एकाने तर त्यात चाटचं दुकान थाटलंय. आमची शेड इकडे उत्तरेत, अमौसीच्या विमानतळाच्या बाजूला. आमचे हे फौजेतल्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि साताऱ्याला परत न जाता इथंच हे काम काढून बसले. मी विकास नगरातून डबा घेऊन जायची. नुसतं बसवत नाही, म्हणून बघून बघून मागच्या दिव्यांची वायरिंग शिकले, ताडपत्री शिवायला शिकले. हे म्हणायचे, "तोंड चालू असताना तुझे हात कसे चालतात, तेवढं मला अजून कळलेलं नाही."

त्या तोंडाचंच सांगायचं आहे.

ट्रेलरला दोन हँडब्रेक असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. आमच्या शेडचा नियम असा, की खाली शिरणाऱ्याने "ब्रेक?" म्हणून विचारायचं आणि वर जो असेल त्याने दोन्ही लीव्हरना हात लावून मग "लागले" म्हणायचं. नुसतं बघून चालायचं नाही. हात लावायचा. आमचा वेल्डिंगचा मिस्त्री इथलाच, पोरंबाळं मोठी झालेला माणूस. त्याला मराठी येत नाही, पण हे "लागले" मात्र तो अगदी आमच्यासारखं म्हणायचा.

त्या दिवशी हे एका ट्रेलरखाली होते. मिस्त्रीने चाकामागे लाकडी ठोकळा लावला आणि तो आपल्या कोपऱ्यात वेल्डिंगला गेला. मी ट्रेलरला टेकून फोनवर बहिणीशी बोलत होते. लोणच्यात मोहरी फेसून घालायची की कुटून, यावर आमचा वाद चालला होता. खालून आवाज आला, "ब्रेक?" मी म्हटलं, "लागले." आणि पुढे मोहरीचं बोलत राहिले.

शेडला पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याकडे उतार आहे. यांनी चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या बोल्टवर हातोडा मारला, चाक ठोकळ्यावर चढलं आणि यांच्या नडगीवरून गेलं.

मिस्त्री धावत आला, ट्रेलरला खांदा देऊन उभा राहिला. मी लीव्हर पाहिले. दोन्ही खाली, म्हणजे सुटलेले. मी ते ओढून वर केले. चाक पुन्हा सरकू नये म्हणून केले, असं मी स्वतःला सांगत आले आहे. असेलही तसं. पण मिस्त्रीने मान वळवून पाहिलं तेव्हा लीव्हर वर होते, आणि मी काही बोलले नाही.

मग सगळ्यांचं ठरलंच, की ठोकळा सरकला. यांनी त्याला कधी दोष दिला नाही, फक्त काठी टेकत शेडमध्ये आले की चिडवायचे, "मिस्त्री, तुम्हारी लकड़ी कच्ची निकली." तो हसायचा आणि कानाला हात लावायचा. त्यानंतर तो ट्रेलरखाली शिरेनासा झाला. खालच्या कामाला दुसरा माणूस ठेवला. मिस्त्री मात्र ठोकळे करत राहिला. रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे, शिसवीचे, एकापेक्षा एक जड. भिंतीला रास लागली. आणखी कशाला, असं मी विचारायची नाही.

पुढे हे हार्टने गेले. तेव्हापासून भर दुपारी, घरात कुकर उतरवताना, पाठीमागून ऐकू येतं, "ब्रेक?" चांगलं स्पष्ट, जरा घाईतलं. मी वळत नाही. उत्तरही देत नाही.

गेल्या हिवाळ्यात तोच ट्रेलर परत आला. लग्नाच्या जेवणावळी करणाऱ्याने नेला होता. भट्टी आणि कढया वाहून पाटा तुटलेला. खालच्या कामाचा माणूस गावी गेलेला, आणि गिऱ्हाइकाच्या पुढच्या लग्नाच्या ऑर्डरला दोन आठवडे. मिस्त्रीने चाकांना सहा ठोकळे लावले. मग बिडी ओढत बसून राहिला. मला म्हणाला, आपल्याच्याने हे व्हायचं नाही. शेवटी बिडी विझवून उठला, सतरंजी अंथरली आणि आत सरकला. बाहेर नुसते पाय.

"ब्रेक?"

मी लीव्हरना हात लावून पाहिला. आधी एकाला लावला, फिरून दुसऱ्याला. दोन्ही वर. या वेळी शब्द खरा होता, आणि तोच तोंडातून निघेना. वरून विमान गेलं. आवाज विरल्यावर त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "मिस्त्री, बाहर आइए."

तो बाहेर आला. मी त्याला हिंदीत सगळं सांगितलं, त्यात पळवाट राहू नये म्हणून एक एक करून. उस दिन ब्रेक नहीं लगे थे. मैंने बिना देखे कह दिया. लीवर बाद में खींचे.

तो बराच वेळ सतरंजीवरची माती झटकत होता.

"साहब को मालूम था?"

"नहीं."

"तो भाभीजी, साहब हमारी ही गलती समझते हुए गए."

त्याने हात धुतले, स्कूटर काढली आणि गेला. तीन दिवस आला नाही. फोन लावायला माझं बोट धजेना.

चौथ्या दिवशी आला. मी ट्रेलरपासून चार पावलांवर उभी होते. तो डाव्या बाजूला गेला, लीव्हरला हात लावला. मला वळसा घालून उजव्या बाजूला आला, तिथं लावला. मग आडवा होऊन आत सरकला. मी वाट पाहत राहिले, तोंड उघडं ठेवून. थोड्या वेळाने खालून हातोडीचा आवाज सुरू झाला.

आता खालचं काम तोच करतो. चांगलं करतो. "नमस्ते भाभीजी" म्हणतो, डबा खातो. पण ब्रेकचं मला विचारत नाही.