राहून गेलेलं मत

सात्सुंगकाकांना 'राहून गेलं' हे शब्द चालत नसत. "काका, फोन करायचा राहून गेला," असं कोणी म्हणालं की ते हातातलं काम थांबवत, चष्मा कपाळावर चढवत आणि शांतपणे विचारत, "राहून कसा गेला? कुणीतरी ठेवला असेल की." समोरचा हसला तरी ते हसत नसत. "राहून काही जात नाही. ठेवलं जातं. कुणी ठेवलं, एवढंच सांग."

सात्सुंग म्हणजे संस्थेची घटना. जर्मनीत सात माणसांना मिळून पतंग उडवायचे असले तरी आधी सात्सुंग लिहून नोंदवावी लागते. र्युसेल्सहाइम आणि आसपासच्या मराठी माणसांच्या आमच्या मंडळाची सात्सुंग काकांनी एकट्यानं लिहिली होती, एकोणीस कलमं, टाइपरायटरवर. कुणी वाद घातला की ते बंडीच्या खिशातून तिची घडी काढत आणि बोट ठेवून वाचत. नाव आम्हीच पाडलं, पाठीमागे. त्यांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "चांगलं आहे की. निदान वाचली कुणीतरी, असं तरी लोकांना वाटेल."

काका मूळचे मिरजेचे. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास इथल्या मोटारींच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. आम्ही नंतर आलेले सगळे लॅपटॉपवाले. आमच्या गप्पा प्रोजेक्टच्या आणि घरांच्या कर्जांच्या. काकांच्या बोटांच्या टोकांना काळी रेघ होती, ती कुठल्याही साबणानं जात नसे. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं त्यात त्या रेघेचाही हात होता, आणि ते आम्ही कुणी कधी तोंडानं कबूल केलं नाही.

मी आले तेव्हा सहावा महिना लागला होता आणि नवरा आठवड्यातले चार दिवस कामासाठी वाल्डॉर्फला असायचा. परदेशी नागरिकांच्या कचेरीत माझ्याबरोबर काका तीनदा आले. तिथल्या बाईनं माझा कागद परत सरकवला, तेव्हा तो त्यांनी तसाच तिच्याकडे सरकवला आणि कारखान्यातल्या त्यांच्या ठोकळेबाज जर्मनमध्ये म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. आता यात नक्की काय कमी आहे ते लिहून द्या." तिनं शिक्का मारला. मुलगी झाल्यावर काकू सव्वा महिना रोज येत होत्या. आळीव मिरजेहून मागवलेला. काकू मंडळाच्या सभासद नव्हत्या. म्हणायच्या, "एकानं कलमं करावीत, एकानं पुऱ्या. दोघंही कलमं करायला लागलो तर तुम्ही खाणार काय?"

कलम नऊ सगळ्यात बदनाम. मंडळाच्या निवडणुकीत प्रत्येक सभासदानं मत दिलंच पाहिजे, स्वतः येऊन किंवा बंद पाकिटातून. मत दिलं नाही आणि त्याचं कारण आधी लेखी कळवलं नाही, तर सभासदत्व संपलं. पुढची निवडणूक होईपर्यंत परत अर्जही करता यायचा नाही. हे मंजूर कसं झालं, तर एका वार्षिक सभेत साठावर सभासदांपैकी नऊ जण खुर्च्यांवर होते आणि बाकीचे शेजारच्या खोलीत मिसळीच्या रांगेत. काकांनी त्या नऊ जणांकडून हात वर करून घेतले. बाकीच्यांना पुढे कळलं, तेव्हा ते हसले. सक्तीचं मतदान, आणि ते गणपती बसवणाऱ्या मंडळात.

मीही हसले होते. पण एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात मी विचारलं, "काका, एवढं कशाला? नाही दिलं एखाद्यानं मत तर काय बिघडतं?" ते मापं घ्यायच्या व्हर्नियरचा डबा पुसत होते. म्हणाले, "पोरी, इथल्या निवडणुकीत मला मत नाही, कारण पासपोर्ट भारताचा. भारताच्या निवडणुकीत नाही, कारण राहतो इथं. कारखान्यात होतं. कामगारांचे प्रतिनिधी निवडायला परदेशी माणसालाही मत होतं तिथं, आणि मी एकदाही चुकवलं नाही. निवृत्त झालो तेव्हा तेही गेलं. आता सगळ्या जगात मला एकच मत आहे, या मंडळातलं." मग डब्याचं झाकण लावून म्हणाले, "तुम्हाला वाटतं मी तुमच्यावर सक्ती करतो. करतो की."

मतपेटीही त्यांनीच केलेली. पत्र्याची, कडा अशा घासलेल्या की तान्ह्या मुलाच्या हाती द्यावी. झाकणाला कुलूप, त्याची एक किल्ली मतमोजणीला बसणाऱ्याकडे आणि दुसरी काकांच्या जुडग्यात. दर निवडणुकीला मत टाकणाऱ्यांत पहिले काका असत. पत्रिका टाकली की पेटीवर दोन बोटं टेकवत, देवाच्या पायाला लावावीत तशी.

त्या वर्षी मंडळात दोन बाजू झाल्या. नव्या मंडळींना गणपती मोठ्या हॉलमध्ये हवा होता, प्रायोजक हवे होते, गायक आणायचा होता. काका म्हणत, आरती पाठ नसलेले दोनशे लोक जमवण्यापेक्षा पाठ असलेले चाळीस बरे. नव्यांच्या बाजूनं अध्यक्षपदाला एक मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ उभे राहिले. चिटणीसपदाला त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. काकांना सांगितलं नाही. सांगायचं कसं तेच सुचत नव्हतं, आणि मग दिवस गेले.

निवडणूक शनिवारी होती. गुरुवारी काकू जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी सकाळी ऑपरेशन झालं. हॉलवर जायच्या आधी मी वरणभाताचा डबा घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. काका बाहेरच्या बाकावर बसले होते, दाढी न केलेले. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चार घास खाऊन त्यांनी डबा बंद केला आणि कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. चिकटवलेल्या जागेवर त्यांची आडवी सही होती.

"तुझं नाव वाचलं पत्रिकेवर," ते म्हणाले.

"सांगणार होते, काका. राहून गेलं."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला नाही. थोडंसं हसले. "राहून जात नाही, पोरी," म्हणाले, आणि पुढचं वाक्य बोललेच नाहीत. पाकीट माझ्या हातात दिलं. "तीनला पेटी बंद होते. मला इथून हलता येणार नाही."

मी ते डब्याच्या पिशवीत ठेवलं. पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर. हॉलवर गेल्यावर खुर्च्या, नावांची यादी, चहाचा थर्मास, कुणाचं तरी रडणारं मूल. इथपर्यंत मी विसरले होते. हे खरं आहे, आणि आजवर स्वतःला सांगितलं ते एवढंच.

आता पुढचं सांगते. अडीचच्या सुमारास कुणीतरी विचारलं, "सात्सुंगकाका आले नाहीत का हो आज?" दुसरा म्हणाला, "नियम मोडायला गेले असतील," आणि सगळे हसले. त्या क्षणी मला पाकीट आठवलं. गाडी मागच्या गल्लीत होती, दोन मिनिटांवर. हातात पूर्ण अर्धा तास होता. मी उठले नाही. काकांचं मत आमच्या विरुद्ध असणार, एका मतानं काय फरक पडतो, पडणार नसेल तर आणायचं कशाला, असलं काहीतरी डोक्यात फिरत होतं. कलम नऊ त्या वेळी मनातही आलं नाही. निदान आलं नाही असं मला वाटतं. अर्धा तास मी थर्मासच्या शेजारी बसून कागदी कप एकात एक घालत होते.

आम्ही चौदा मतांनी निवडून आलो. फरक खरोखरच पडला नसता.

महिन्यानं नव्या समितीची पहिली सभा भरली. अध्यक्षांनी मत न दिलेल्यांची यादी वाचली. आठ नावं. सात जण गाव सोडून गेलेले. आठवं नाव काकांचं. ते समोरच बसले होते, दाढी केलेली, बंडी इस्त्रीची. नाव ऐकून त्यांनी मान वर केली, आणि मला वाटतं, तेव्हाच त्यांना कळलं.

"काका, तुम्ही मत दिलं नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कचेरीतल्या त्या बाईकडे पाहिलं होतं तसं, कागद पुढे सरकवून थांबल्यासारखं. मला एक वाक्य बोलायचं होतं. पाकीट माझ्याकडे दिलं होतं, एवढंच. मी चिटणीस होते, प्रोटोकोल, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहीत होते. मी वहीत पाहत राहिले.

"राहून गेलं," काका म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. "काका, ठेवलं कुणी, ते सांगा की."

अध्यक्ष सभ्यपणे म्हणाले, "आपण काकांसाठी अपवाद करू या का?" आणि सगळीकडे पाहिलं. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी होही म्हणालं नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, माझ्याही असणार. काका उठले. "अपवादाचं कलम नाही," म्हणाले. जुडग्यातून पेटीची किल्ली काढायला त्यांना वेळ लागला. कडी घट्ट होती, तिच्यात नख शिरत नव्हतं. कुणी मदतीला उठलं नाही. किल्ली त्यांनी माझ्या वहीवर ठेवली. त्या सभेच्या प्रोटोकोलमध्ये 'राहून गेलं' हे शब्द माझ्या अक्षरात आहेत.

त्या वर्षीचा गणपती मोठ्या हॉलमध्ये झाला. दारात सभासदांना पिवळी चिकटपट्टी, पाहुण्यांना पांढरी, तिच्यावर छापलेलं 'गास्ट', म्हणजे पाहुणा. काका आले. दाराशी बसलेल्या मुलीनं विचारलं, "आजोबा, मेंबर आहात का?" ते "नाइन", म्हणजे नाही, म्हणाले आणि पांढरी पट्टी बंडीवर नीट दाबून लावली. आरतीला मागच्या रांगेत उभे होते. बहुतेकांनी फोनवर पाहून म्हटली. त्यांच्याकडे जाऊन उभं राहण्याचं धैर्य मला झालं नाही. मी प्रसादाच्या टेबलामागे होते.

एकदा मात्र गेले. काकू आता वॉकर घेऊन चालत होत्या, घर आवरून दोघं हानोफरला मुलीकडे राहायला निघाले होते. पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. काका स्वयंपाकघरात हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळत होते.

"काय आणलंस?" त्यांनी विचारलं.

"चकली."

"अजून काही?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, तिला बसू तरी द्या." काका थांबले होते. त्यांना घाई नव्हती.

"नाही, काका," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी एक कानस उजेडात धरून पाहिली, मग गुंडाळली. "पेटीच्या कुलपाला वर्षातून एकदा तेल लागतं. कोण घालतं?"

"मी घालीन."

"घाल."

दोन वर्षांनी ते गेले. मंडळाच्या वतीनं शोकसंदेश मीच टाइप केला. 'संस्थापक' लिहिलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "तसं बरोबर आहे, पण नोंदींच्या हिशेबानं माजी सभासद म्हणायला हवं ना?" मी 'संस्थापक' खोडलं आणि 'माजी सभासद' केलं. हेही मीच.

कलम नऊ काकांना काढल्यानंतरच्या पहिल्याच वार्षिक सभेत एकमतानं काढून टाकलं होतं. गाव न सोडलेल्या माणसाला ते लावलं गेलं असं एकदाच घडलं, आणि तो माणूस ते लिहिणारा होता. कलम गेल्यावर कुणीतरी काकांना कळवलं, आता अर्ज करा. त्यांनी केला नाही. लोक म्हणाले, म्हातारा रुसला. मी तेही ऐकून घेतलं. हल्ली मंडळाच्या निवडणुकीला दहाबारा जण येतात. मी त्यात नसते. काकांच्या मागून काकूही गेल्या, त्या वर्षापासून मी मत दिलेलं नाही. कारण लेखी दिलं नाही, तोंडीही नाही. मला काढायला हवं, पण काढणारं कलमच उरलेलं नाही.

परवा कपाट रिकामं करताना ते पाकीट मुलीच्या हाती लागलं. आता ती मोठी आहे, जर्मनमध्येच बोलते. सहीवरून बोट फिरवत तिनं विचारलं की हे कुणाचं, आणि उघडलं का नाही. मी म्हटलं, उशिरा आलेलं मत उघडायचं नसतं, सात्सुंगेत होतं तसं. आत चिटणीसपदाच्या रांगेत त्यांनी कुणाच्या नावापुढे खूण केली होती, ते मला माहीत नाही. "पण मग तुझ्याकडे कसं राहिलं?" तिनं विचारलं.

हॉस्पिटलच्या बाकावर काकांनी अर्धंच सोडलेलं वाक्य मी तिला पूर्ण करून सांगितलं. राहून गेलं नव्हतं. ठेवलं होतं. मी.