आधी धूर कसाय ते सांग

अक्काचा फोन दुपारी कधी येत नाही, दुपारी ती केळीच्या बागेत असते. त्या दुपारी आला. "दाजी गेले," एवढंच ती म्हणाली... लातूरहून अर्धापूर गाठेपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, विहिरीवरचं डिझेलचं इंजन आता कोण चालवणार? माणूस गेल्यावर असलंच काहीतरी सुचतं. दाजी आणि ते इंजन मला कधी वेगळे दिसलेच नव्हते.

उत्तमदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाग स्वतःची, पण इंजनं साऱ्या शिवाराची सांभाळायचे. कुणाचं बिघडलं की दाजींना फोन, आणि दाजी बाजेवरून न उठता विचारायचे, "आधी धूर कसाय ते सांग." काळा असेल तर इंजनाला हवा पुरत नाही, निळा असेल तर ऑइल जळतंय, आणि पांढरा सोडत, गचके खात बंद पडत असेल तर डिझेल धड पोचत नाही. निम्मी इंजनं फोनवरच बरी व्हायची. उरलेल्यांसाठी पाने-पकड घेऊन जायचे आणि तिथं जेवूनच परतायचे. आपलंही कधी चुकेल, हे त्यांच्या गावीच नव्हतं. मी चिडवायचो, दाजी, तुम्ही डॉक्टर झाला असता तर पेशंटचाही धूर बघितला असता. त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "हाव. अन् तुझा काळा निघाला असता."

त्यांची फजिती झाली ती एका दसऱ्याला, मी तिथं सणाला गेलो असताना. दर खंडेनवमीला ते इंजन घासूनपुसून ऑइलपेंटनं रंगवायचे, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्या वर्षी लाल रंग थोडा उरला, म्हणून डिझेलच्या टाकीला आणि तिच्या झाकणालाही दुसरा हात मारला. दसरा झाला आणि गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. गावात लाईट नाही, केळीची रोपं नुकती लावलेली, वर ऑक्टोबरचं ऊन. दाजींनी ऐटीत हँडल मारलं. इंजन थोडं चाललं, पांढरा धूर ओकला आणि बंद. विसावा देऊन पुन्हा मारलं, पुन्हा तेच. फिल्टर धुतला, नोझल काढून बघितलं, नळीतली हवा काढली. दुपारपर्यंत रोपांची पानं मिटायला लागली आणि दाजी तोच फिल्टर पुन्हा पुन्हा धुवायला लागले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, मला भीतीच वाटली.

डिझेल तरी आहे का बघावं म्हणून अक्कानं झाकण उघडलं, तर आत सुस्सकन हवा शिरली. त्यानंतर इंजन सुरू झालं ते झाकण तिच्या हातात होतं तोवर बिनतक्रार चाललं. दाजींनी झाकण घेऊन उजेडाकडे धरलं. त्यात सुईएवढं भोक असतं. डिझेल खाली उतरतं तशी त्यातून टाकीत हवा येते, आणि हवा नाही आली तर डिझेलही उतरत नाही. ते भोक रंगानं बुजलं होतं. अक्कानं बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि रंग टोकरून काढला. दाजी बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्यानं अशी गोष्ट झाकून ठेवली असती, यांनी मुदखेडपर्यंत सांगितली. "नटवायच्या नादात म्याच त्याचं नाक बुजवलं," म्हणायचे. तेव्हापासून हँडल मारायच्या आधी झाकण काढायचं, सूर्याकडे धरून बघायचं आणि एक फुंकर मारायची, हा त्यांचा नेम झाला. लोकांच्या इंजनावरही तो सुटला नाही.

चौदावा झाल्यावर मी अक्काला लातूरला न्यायचं ठरवलं. भावकीचंही तेच म्हणणं होतं, बाग बटईनं, अर्ध्या वाट्यावर द्यावी, एकटीला झेपायचं नाही. सुतकाच्या दिवसांत शेजाऱ्यांनी मोटारीनं पाणी दिलं होतं, पण निघायच्या दिवशी सकाळीच लाईट गेली. एवढं पाणी देऊन निघू, ती म्हणाली. मी हँडल मारलं. थोडं चालून, पांढरा धूर सोडून इंजन बंद. पुन्हा मारलं, पुन्हा बंद. दाजींचा चुलतभाऊ अक्काला म्हणाला, मालकासोबत इंजनही गेलं, आता जा तू लातूरला.

अक्का उठली, झाकण काढलं, सूर्याकडे धरलं. दाजी धरायचे तस्संच... इंजन इतके दिवस उभं होतं, तेवढ्यात कुंभारीण माशीनं भोकात मातीचं घर केलं होतं. पिन काढायला अक्काचा हात सवयीनं मनगटाकडे गेला. मनगट रिकामं होतं, बांगड्या दहाव्यालाच उतरवल्या होत्या. मग बांधावरच्या बाभळीचा काटा मोडून तिनं माती काढली, फुंकर मारली, नळीतली हवा काढली आणि मला मानेनंच खुणावलं. इंजन लागलं. धूर विरळ होत गेला आणि पाटाला पाणी आलं.

"तू जा," पाण्याकडे बघतच ती म्हणाली. "मला न्हाई येता येणार. केळी पोटाला आली हाय, आता घड पडतील."

मी एकटाच परतलो.

परवा अर्धापूरला जाऊन आलो. इंजन सुरू होतं, आणि अक्काच्या हातात पुन्हा बांगड्या होत्या, साध्या काचेच्या, त्यात एक पिन अडकवलेली. गल्लीतल्या बायकांनी विचारलंच असेल, म्हणून मीही विचारलं, बांगड्या पुन्हा कशा घातल्यास? तिनं दाजींच्याच थाटात माझ्याकडे बघितलं.

"मग इंजनाची पिन कुठं अडकवू?" ती म्हणाली.